तापीच्या खोऱ्यातील एक पाठ : पर्यावरण भूविज्ञानाचा घरबसल्या अभ्यास

जमीन, खडक, माती व पाणी यांचा मनुष्याच्या जीवनाशी असलेला संबंध अभ्यासणारी भूविज्ञानाची शाखा म्हणजे पर्यावरण भूविज्ञान होय. पूर का येतो, विहीर का आटते, पाणी खारट का लागते, भिंतीला तडा का जातो, डोंगर का खचतो, हे तिचे प्रश्न आहेत. १९६० ते १९८० या काळात ही शाखा स्वतंत्र नावाने रूढ झाली. परंतु तिचे विषय शेतकऱ्याला, गवंड्याला व विहीर खणणाऱ्याला पूर्वापार ठाऊक आहेत. त्यांच्या अनुभवाला मोजमापाची व कार्यकारणभावाची जोड देणे हे या शास्त्राचे काम आहे.

अलीकडे हा विषय महाविद्यालयात न जाता घरी राहूनही शिकता येतो. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर भूविज्ञान व पर्यावरण या विषयांचे अभ्यासक्रम उपलब्ध होत असतात. व्याख्यानांच्या चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंकाचर्चा अशी त्यांची चार अंगे असतात. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावयाची असल्यास तिचे शुल्क भरावे लागते. डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्थेनेही २००७ पासून उपग्रहचित्रांच्या वापराविषयी दूरस्थ वर्ग चालविले आहेत. गावातील शिक्षक, तालुक्यातील कर्मचारी किंवा कारखान्यात पाळी करून शिकणारा तरुण यांना ही सोय मोलाची आहे.

मात्र या सोयीची एक मर्यादा आहे. भूविज्ञान हे पायांनी शिकावयाचे शास्त्र आहे. पडद्यावर दूरदेशीच्या नदीचा पूर पाहून विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईल. परंतु आपल्या घराखाली कातळ आहे की गाळ, हे त्याला सांगता आले नाही तर तो अभ्यास अपुरा राहिला असे म्हणावे लागेल. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग सोपा आहे. ज्या नदीच्या खोऱ्यात आपण राहतो, ती नदीच प्रयोगशाळा मानावी. प्रस्तुत लेखात त्यासाठी तापी नदीचे व तिच्या मुखाजवळील सुरत शहराचे उदाहरण घेतले आहे. उधना, लिंबायत आदी भागांत खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडउद्योगाच्या आश्रयाने स्थायिक झाली आहेत. गावाकडचे घर आणि सुरतेतील घर ही दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत, ही गोष्ट त्यांपैकी अनेकांच्या ध्यानी येत नाही.

खोरे आधी, शहर नंतर

तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते. सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून ती सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्यांचे पाणी तिलाच मिळते. गुजरातेत खोऱ्याचा अगदी थोडा भाग येतो. पण संपूर्ण खोऱ्याचे पाणी ज्या अरुंद दाराने बाहेर पडते, त्या दारात सुरत वसली आहे. म्हणून सुरतेत पाऊस नसतानाही सुरत बुडू शकते. अकोला, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत पडलेला पाऊस तेथे जाऊन पोहोचतो.

या खोऱ्याची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे भूकवचाला भेगा पडून सातपुड्याच्या बाजूचा भाग उंच राहिला व लगतचा पट्टा खाली गेला. अशा खचलेल्या दरीस खचदरी म्हणतात. दख्खनच्या बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहत असता नर्मदा व तापी पश्चिमेकडे वाहतात, याचे कारण हेच. या खळग्यात नद्यांनी लक्षावधी वर्षे गाळ आणून टाकला. जळगाव जिल्ह्यात व पूर्णेच्या काठी हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठ्या दगडगोट्यांचा पट्टा आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी तेथे झपाट्याने मुरते आणि खालच्या गाळातील विहिरींना मिळते. यावल, रावेर, चोपडा भागांतील केळीच्या बागा या साठ्यावर वाढल्या. आणि उपसा पाझरापेक्षा अधिक झाल्याने तेथील पाण्याची पातळी उतरत गेली. या पट्ट्यात पाणी मुरविण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेसाठी २०२५ साली महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी करार केला.

दोन पूर, एक प्रश्न

ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला प्रचंड पूर आला. त्या वेळी सुरतेजवळून दर सेकंदाला सुमारे १५ लाख घनफूट, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेत १५ लाख क्युसेक, पाणी वाहिले. सुरतेच्या जुन्या होप पुलाजवळ पाण्याची पातळी १२ मीटरांवर गेली. त्यानंतर १९७२ साली सुरतेपासून सुमारे १०० किलोमीटर वर उकाई धरण पूर्ण झाले. आता महापुराचे भय संपले, अशी समजूत पसरली. नदीकाठी वस्ती वाढली, घरे उठली, काठ भरले गेले.

ऑगस्ट २००६ च्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. उकाईचा जलाशय आधीच बराच भरलेला होता. येणारे पाणी साठविण्यास जागा उरली नाही व धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून सुरतेत पाणी शिरू लागले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, शंभरांहून अधिक माणसे दगावली, आणि लोक कित्येक दिवस वरच्या मजल्यांवर अन्नपाण्यावाचून अडकून पडले. होप पुलाजवळ पाण्याची पातळी या खेपेसही १२ मीटरांच्या वर गेली.

येथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. १९६८ साली १५ लाख क्युसेक पाण्याने जी उंची गाठली, तीच उंची २००६ साली ९ लाख क्युसेक पाण्याने गाठली. पाणी कमी आणि पातळी तितकीच, असे का व्हावे?

याचे उत्तर एका साध्या सूत्रात आहे. नदीच्या एखाद्या ठिकाणाहून एका सेकंदात वाहणारे पाणी म्हणजे त्या ठिकाणच्या पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग यांचा गुणाकार. समजा, पात्र ६०० मीटर रुंद आहे, पाणी १० मीटर खोल आहे व वेग सेकंदाला ३ मीटर आहे. तर दर सेकंदाला १८ हजार घनमीटर, म्हणजे सुमारे ६ लाख ३५ हजार क्युसेक, पाणी जाईल. आता भराव टाकून पात्र ४०० मीटर रुंद केले आणि वेग तोच राहिला, तर तेवढेच पाणी जाण्यास १५ मीटर खोली लागेल. प्रत्यक्षात खोलीबरोबर वेगही काहीसा वाढतो, त्यामुळे वाढ याहून थोडी कमी होईल. परंतु मुद्दा बदलत नाही. नदीकडून जी जागा रुंदीत काढून घ्यावी, ती जागा नदी उंचीत परत घेते.

सुरतेतील तापीच्या बाबतीत अभ्यासकांनी एकाहून अधिक कारणे दाखविली आहेत. पात्रात व पूरमैदानात बांधकामे झाली. काठच्या तटबंदीने पाणी पसरण्याची वाट अडविली. धरणामुळे मोठे पूर विरळ झाले, तेव्हा पात्र खरवडून स्वच्छ होण्याची क्रियाही मंदावली आणि भरतीबरोबर येणारा गाळ साचत राहिला. सिंगणपोर येथे १९९५ साली बांधलेल्या बंधाऱ्याने शहराला गोडे पाणी मिळाले व भरतीचे खारे पाणी खालीच अडले. पण पात्राच्या स्वभावात त्यानेही बदल घडविला. शिवाय ९ ऑगस्ट २००६ रोजी नारळी पौर्णिमा होती. तापीच्या मुखाशी उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांहून अधिक असते. समुद्र फुगलेला असता नदीचे पाणी बाहेर पडण्यास अडथळा होतो. पंचांग पाहणाऱ्या कोणाही खलाशाला कळणारी ही गोष्ट पूरनियोजनात ध्यानी घेणे किती आवश्यक आहे, हे त्या आठवड्याने दाखविले.

धरण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. धरणाला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. सिंचन व विजेसाठी ते भरलेले हवे. पूर अडविण्यासाठी ते रिकामे हवे. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेस जलाशय किती भरलेला ठेवावा, याचा तक्ता त्यासाठीच आखलेला असतो. २००६ नंतर सुरतेत पूर्वसूचनेच्या व्यवस्थेकडे अधिक लक्ष दिले गेले. वरच्या खोऱ्यातील पर्जन्यमापकाचा आकडा वेळेवर खाली पोहोचणे, हे आता सुरतेच्या सुरक्षिततेचे एक अंग झाले आहे. नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यातील मंडळात पाऊस मोजणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोंदीचे मोल यावरून ध्यानात यावे.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे काय

महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखविते. या शब्दप्रयोगाने पुष्कळांचा गैरसमज होतो. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढील शंभर वर्षे निश्चिंती, असे लोक समजतात. ते चूक आहे. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरांत एक असतो, आणि गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदाचा संभव कमी होत नाही.

एखाद्याने लाल रेषेच्या काठावर घर बांधले व तो तेथे ३० वर्षे राहिला, तर त्या मुदतीत घरात पाणी शिरण्याचा संभव शंभरांत सुमारे २६ इतका होतो. निळ्या रेषेच्या काठावर तोच संभव शंभरांत सुमारे ७१ होतो. घराचे कर्ज फिटेपर्यंत पाणी येणे हे न येण्यापेक्षा अधिक संभवनीय, असा याचा अर्थ आहे. बांधकामाची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने आणि प्लॉट घेणाऱ्या कुटुंबाने हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत.

खारे पाणी : दोन ठिकाणे, दोन कारणे

सुरतेच्या पश्चिमेस ओलपाड व चोर्यासी तालुक्यांच्या किनारी भागात भूजल खारट होण्याची समस्या आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरांपर्यंत गोडे पाणी मिळू शकते, असा स्थूल नियम आहे. यावरून उलट हिशेबही निघतो. अतिउपशाने वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारे पाणी सुमारे २० मीटर वर चढते. पंप वरून पाणी उपसतो आणि समुद्र खालून आत येतो.

आता याच खोऱ्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. तेथेही विहिरीचे पाणी खारट लागते. पण आजचा समुद्र तेथे पोहोचत नाही. तेथील क्षार जुन्या जाड गाळात साठलेले असून पाण्याचा निचरा मंद असल्याने ते धुऊन जात नाहीत. म्हणून किनाऱ्यावर उपसा आवरून गोड्या पाण्याचा दाब वाढविणे हा उपाय ठरतो, तर खारपाणपट्ट्यात पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून वापरणे व जमिनीचा निचरा सुधारणे अधिक उपयोगी पडते. लक्षण एक आणि कारणे दोन असतील तर औषधही वेगळे द्यावे लागते. पर्यावरण भूविज्ञानाच्या अभ्यासातून हाच विवेक येतो.

पायाखालची माती

सुरत ज्या गाळावर व काळ्या मातीवर वसली आहे, तिचे गुणदोष घर बांधणाऱ्यास ठाऊक असले पाहिजेत. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असल्यास भिंतींना तिरपे तडे जातात. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपाने आणखी एक धडा दिला. केंद्र फार दूर असूनही सुरतेत इमारत कोसळून माणसे दगावली. मऊ, जाड गाळात भूकंपाच्या लहरी वाढतात. कातळावर त्या तुलनेने कमी जाणवतात. त्यात बांधकाम कच्चे असले की अनर्थ ओढवतो. घराचा नकाशा पाहताना त्याखालच्या जमिनीचाही नकाशा पाहावा, हे यावरून स्पष्ट होते.

घरी करावयाची प्रात्यक्षिके

दूरस्थ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक पाठासोबत एक प्रात्यक्षिक करावे. पुढील पाच प्रात्यक्षिकांना फारसा खर्च येत नाही.

१. पूरखुणा. वस्तीतील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून पूर्वीच्या पुराचे पाणी भिंतीवर कोठवर आले होते ते नोंदवावे. जमिनीपासून उंची फितीने मोजावी व वर्ष लिहावे. दहा घरांच्या नोंदी जमल्या की वस्तीचा पूरनकाशा तयार होतो.

२. विहिरीची पातळी. दोरीला वजन बांधून ठरलेल्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते. गावानेही किमान दिवाळीनंतर व मे महिन्यात अशी दोन मापे घ्यावीत.

३. मातीची बाटली. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती व उरलेले पाणी घालून खूप हलवावे आणि स्थिर ठेवावे. वाळू एकदोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा काही तासांत, तर चिकणमातीचे बारीक कण एक दिवस किंवा अधिक वेळ घेतात. थरांची जाडी मोजून मातीचा प्रकार ठरविता येतो.

४. क्षारांची कसोटी. निरनिराळ्या विहिरींचे सारखेच पाणी सारख्या स्वच्छ ताटल्यांत घेऊन उन्हात सुकवावे. मागे राहणाऱ्या पांढऱ्या थराची तुलना करावी. कोणते पाणी अधिक क्षारयुक्त आहे, ते डोळ्यांना दिसते.

५. नदीची रुंदी. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या २००९ साली सुरू झालेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरील उपग्रहचित्रांत आपल्या गावाजवळील नदीची रुंदी मोजावी. जुना स्थलदर्शक नकाशा मिळाल्यास त्याच्याशी ताडून पाहावी.

ही मोजमापे शिक्षकांच्या देखरेखीखाली करावीत. विहिरीच्या कठड्यावर वाकू नये व पूर असता नदीकाठी कदापि जाऊ नये.

भाषेची अडचण

यांपैकी बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास त्याचा अडसर वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्येक पाठातील नवी संज्ञा वहीत लिहून तिच्यापुढे मराठी शब्द लिहिण्याची सवय लावावी. मराठी विश्वकोश व भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी साहाय्यक ठरतात. त्याहून जवळचा कोश गावातच असतो. कातळ, मुरूम, पोयटा, मळई, चोपण, पाझर, झिरपा हे शब्द ज्यांनी घडविले, त्यांनी जमीन हाताळून पाहिली होती. विहीर खणणाऱ्या कारागिराबरोबर घालविलेला एक तास अनेक चित्रफितींची उणीव भरून काढतो.

शिक्षक व अधिकारी यांचे काम

शाळेने आपल्या परिसराच्या नोंदींची एक वही ठेवावी व ती वर्षानुवर्षे चालवावी. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो; वीस वर्षांच्या आकड्यांत गावाचे भवितव्य दिसते. ग्रामपंचायतीने विहीर, बंधारा किंवा घरकुलाची जागा ठरविताना ती वही समोर ठेवावी. दूरस्थ अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणास तिची जबाबदारी द्यावी, म्हणजे त्याच्या प्रमाणपत्राचा गावाला उपयोग होईल.

१९६८ चा पूर पाहिलेली माणसे २००६ साली सुरतेत होती. पाणी कोठवर आले होते, हे त्यांना आठवत होते. पण मधल्या ३८ वर्षांत ज्या जागा भरल्या व विकल्या गेल्या, त्या घेणाऱ्यांपर्यंत ती आठवण सर्वत्र पोहोचली नाही. आठवण माणसाबरोबर जाते. नोंद मागे राहते. घरबसल्या मिळणाऱ्या शिक्षणातून जर अशा नोंदी ठेवणारी आणि वाचणारी पिढी तयार झाली, तर पुढच्या पुरात काही जीव तरी वाचतील. या विद्येची खरी परीक्षा त्याच वेळी होईल.

स्वाध्याय

१. आपल्या गावाचे पावसाचे पाणी कोणत्या नदीला मिळते व पुढे कोणत्या शहराजवळून वाहते?
२. पात्राची रुंदी ३०० मीटर, पाण्याची खोली ४ मीटर व वेग सेकंदाला २ मीटर असल्यास दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील? रुंदी २०० मीटर केल्यास, वेग तोच धरून, खोली किती होईल?
३. १९६८ व २००६ च्या पुरांत पाणी कमी-अधिक असूनही पातळी जवळपास सारखी राहिली, याची तीन कारणे लिहा.
४. किनाऱ्यावरील खारे पाणी व खारपाणपट्ट्यातील खारे पाणी यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
५. आपल्या वस्तीतील सर्वांत जुनी पूरखूण शोधून तिची उंची व वर्ष नोंदवा.